उठून दारापर्यंत गेलो आणि अँटिव्हायरस फुकट झाला

आजवरच्या आयुष्यात मला एकदाच कोणी फसवलं, आणि त्याला हात, पाय, तोंड यांपैकी काहीही नव्हतं.

हे सांगायची माझी मुळीच इच्छा नाही. पण आमचा मेहुणा संजू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, आणि मागे तर एका दहाव्याला (घाटावर! सगळे कावळ्याची वाट बघत असताना!) हा किस्सा त्याच्या पद्धतीनं सांगत सुटतो. त्याच्या सांगण्यात मी मूर्ख ठरतो. तेव्हा म्हटलं, आपणच लिहून टाकावं. माझ्या सांगण्यातही मी मूर्खच ठरतो, पण निदान तपशील तरी बरोबर येतील.

मी राहात्याचा पेरूचा व्यापारी. शिर्डीच्या रस्त्याला पाटी घेऊन उभा राहिलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. आज माझे टेम्पो सुरतेला जातात. हे सगळं मी एका गुणावर कमावलं. मला कोणी काही सांगितलं की मी आधी अविश्वास दाखवतो आणि मग ऐकून घेतो. भाव करताना तर मी कोणाचाच नाही. समोरच्यानं भाव सांगितला की मी चप्पल घालतो आणि दाराकडे चालू लागतो. उंबऱ्याशी पोहोचायच्या आत मागून हाक येतेच, "ओ शेठ, या तर खरं!" मी जागा अशीच घेतली, टेम्पोही असाच घेतला (त्या वेळी तर पार चौकातल्या रसवंतीपर्यंत चालत गेलो होतो), आणि लग्न ठरताना मानपानाच्या बैठकीतूनही असाच उठलो होतो. तिथं हाक यायला जरा उशीर झाला. "आणखी थोडा उशीर झाला असता तर?" असं आमची मंगल अजून म्हणते. म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मला आवडत नाही.

मंगल म्हणजे माझी बायको. माझ्या मालातला डागी, बारका पेरू मी फेकून द्यायचो. तिनं त्याची जेली करायला घेतली. आधी शेजारणींना, मग नातेवाइकांना, मग शिर्डीच्या दोन-चार दुकानांना. बघता बघता फेकायच्या पेरूला माझ्या चांगल्या पेरूपेक्षा जास्त भाव यायला लागला. (याचं मला दुःख नाही. दुःख एवढंच, की तो डागी माल मी तिला फुकट दिला.) मग तिच्या बरण्यांची लेबलं, फोटो, हिशेब या सगळ्यासाठी घरात कॉम्प्युटर आला. तो आणला संजूनं. संजू म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ. साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, आणि बसल्या बसल्या सगळ्या जगाला सल्ले देतो.

कॉम्प्युटर जोडून झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, ह्यात अँटिव्हायरस टाकलाय. आता काळजी न्हाई."

"केवढ्याला?"

"फुकट."

मी हातातला चहा खाली ठेवला. "फुकट?"

"व्हय. लई चांगला हाय. मी सोताच्या घरी पण तोच वापरतो."

"मग त्याचं पोट कशावर भरतं?"

"त्यांचा पैशाचा, मोठा पण हाय की. साधा फुकट देतात. आवडला की काही लोक मोठा घेतात. जुनी कंपनी हाय, नावाजलेली. तिच्याच साईटवरून उतरवून घेतलाय मी."

"म्हणजे चवीची फोड."

"बरोब्बर! चवीची फोड!"

संजूला वाटलं, दाजींना पटलं. अहो, गिऱ्हाइकाला चवीची फोड देण्यात माझी हयात गेली! ती फोड कुठल्या पेरूची कापायची आणि पिशवीत कुठले पेरू टाकायचे, हे मला ठाऊक नाही तर कोणाला? त्या क्षणी माझा त्या अँटिव्हायरसवरचा विश्वास उडाला. मुळात होता असं नाही, पण होता नव्हता तेवढा सगळा उडाला.

त्यातून तो पठ्ठ्या गप्प! खाली कोपऱ्यात एक हिरवी टिकली, बस्स. कधी काही पकडलं नाही, कधी आरडाओरडा नाही. बागेला ठेवलेला राखणदार कसा, रात्री काठी आपटतो, खाकरतो, मधूनच "कोण हाय रं तिकडं?" म्हणून ओरडतो. कोणी नसलं तरी ओरडतो! मालकाला तेवढंच समाधान. हा झोपलाय की जागा आहे, काही कळायला मार्ग नाही.

अशात मंगलचं एक मोठं काम जुळून आलं. पुण्यात बऱ्याच ठिकाणी दुकानं असलेल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या खरेदी पाहणाऱ्या मॅडमनी तिची जेली कोणाकडे तरी चाखली होती. सोमवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायचं ठरलं. जमलं तर वर्षभराचा माल. मंगलनं त्याची तयारी कशी केली म्हणता! बरण्यांचे फोटो, बागेचे फोटो, डोक्याला टोपी घालून कढई हलवणाऱ्या बायकांचे फोटो, सगळं एकामागून एक दिसेल असं तिनं रात्री जागून जुळवलं होतं. तिनं मला बजावून ठेवलं, "अहो, सोमवारपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नका. माझी शपथ हाय."

मी शपथ पाळली. रविवारी दुपारपर्यंत.

रविवारी मंगल बायकांना घेऊन बरण्या धुवायला बसली होती. मला सुरतेचा भाव बघायचा होता. मोबाईलवर अक्षर बारीक दिसतं. म्हटलं, एक मिनिट कॉम्प्युटरवर बघू. काय शपथ मोडते एका मिनिटात! भाव शोधता शोधता कुठल्या तरी पानावर बोट पडलं, आणि एकदम सगळा पडदा लालभडक! भोंगा वाजायला लागला. मोठ्या अक्षरांत आलं, 'सावधान! तुमचा संगणक विषाणूंनी भरला आहे! ताबडतोब संरक्षण घेणे!' आणि खाली किंमत: तीन हजार रुपये.

मराठी जरा मोडकं होतं. पण सुरतेचे व्यापारी माझ्याशी असंच बोलतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या मनात आलं, बघा! संजूचा फुकट्या झोपलाय आणि हा बिचारा बाहेरून येऊन जीव तोडून सांगतोय, की तुमच्या घरात चोर शिरलेत. पण तीन हजार? मी काय काल बाजारात आलो? मी त्या खिडकीच्या फुलीवर टिचकी मारली आणि सवयीनं उठून चप्पल घातली.

आणि काय सांगू! मागे वळून बघतो तर पडद्यावर नवीन पाटी. 'थांबा! जाऊ नका! फक्त तुमच्यासाठी, अर्धी किंमत!'

माझ्या अंगावर काटा आला. बोलावलं की नाही! मी तसाच दोन पावलं मागे आलो, पाटी वाचली, तोंड वाकडं केलं (ते त्याला दिसलं की नाही माहीत नाही, पण भाव करताना तोंड वाकडं करावंच लागतं), पुन्हा फुली दाबली आणि दाराकडे निघालो.

'थांबा! शेवटची संधी! पाचशे फक्त!'

"पाचशे?" मी मोठ्यानं म्हणालो. "घाल तुझ्या डोंबलावर पाचशे!" फुली. चप्पल. दार. या खेपेला मी उंबरा ओलांडून पार ओट्यावर गेलो. तिथं बरण्या पुसत बसलेली मंगल म्हणाली, "कुठं निघालात?"

"कुठं नाही. भाव पाडतोय."

"कोणाचा?"

"आहे एकजण आत."

तिनं खिडकीतून आत डोकावून बघितलं. आत कोणीच नव्हतं. उन्हाचे दिवस होते; ती काळजीच्या आवाजात म्हणाली, "जरा लिंबूपाणी देऊ का?"

मी परत येऊन बघतो, तर पडद्यावर चक्क लिहिलेलं: 'तुम्ही आमचे खास ग्राहक! पूर्ण संरक्षण, मोफत!'

वाचक हो, इथं एक बारीक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या, कारण संजू ती कधीच सांगत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा काडीचा विश्वास नाही. पण घासाघीस करून फुकट केलेली वस्तू? ती फुकट कुठे? ती तीन हजारांची आहे! तिची किंमत मी माझ्या पायांनी खाली आणली आहे! मी छाती पुढे काढून 'घ्या' या बटणावर टिचकी मारली.

लगेच कोपऱ्यातली ती हिरवी टिकली पिवळी झाली. संजूचा गप्प राखणदार आल्यापासून पहिल्यांदाच बोलला: 'हा प्रोग्रॅम धोकादायक आहे. अडवू का?'

मला हसूच आलं. आता कसा जागा झाला! समोर दुसरा आल्याबरोबर पोटात दुखायला लागलं! मी त्याला सांगितलं, अडवू नको, येऊ दे. मग नवा म्हणाला, 'तुमच्या संगणकात आधीच एक घातक प्रोग्रॅम आहे. काढून टाकू का?' तो घातक प्रोग्रॅम म्हणजे संजूचा!

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मी नाही. माझी रीतच आहे ती. हंगामात मी बागा उक्त्या घेतो, तेव्हा प्रत्येक बागेला दोन राखणदार ठेवतो, आणि ठेवताना दोघांचं एकमेकांशी पटत नाही याची आधी खात्री करून घेतो. बांधावरून भांडण असेल तर उत्तम. सोयरीक मोडलेली असेल तर सोन्याहून पिवळं! दोघं मैत्रीत असले की रात्रीतून पाट्या भरून जातात. भांडणारे असले की हा त्याच्यावर डोळा ठेवतो आणि तो ह्याच्यावर, आणि माझे पेरू सुखरूप राहतात. तेव्हा हे दोघे एकमेकांना चोर म्हणतायत हे बघून मला जे समाधान वाटलं, ते काय वर्णावं! मी दोघांनाही ठेवलं.

नवा तर काय कामाचा माणूस! आल्या आल्या सगळी झडती घेतली. टिंग! विषाणू सापडला. टिंग! आणखी एक. मी खुर्ची ओढून लिंबूपाणी पीत तमाशा बघत बसलो. काय ती तत्परता! मंगलच्या फोटोंत विषाणू, लेबलांत विषाणू, कढई हलवणाऱ्या बायकांत विषाणू. म्हटलं, बरं झालं, सोमवारच्या आत सापडले.

सोमवारी साडेदहाला मंगल नवी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. मी चहा घेत होतो.

"अहो."

बायकोच्या 'अहो'चे बरेच प्रकार असतात. हा मी आधी ऐकलेला नव्हता.

जाऊन बघतो, तर पडदा लाल. तिनं फोटो उघडायला टिचकी मारली की पाटी यायची: 'ही फाईल दूषित आहे. उघडता येणार नाही.' बोलायचा प्रोग्रॅम उघडायला गेली: 'दूषित आहे.' काहीही दाबलं तरी दूषित! आणि खाली, ठसठशीत: 'सफाईसाठी पूर्ण आवृत्ती घेणे. कार्डाचा नंबर टाकणे. तीन हजार रुपये.'

"हे काय हाय?" मंगल म्हणाली.

"थांब. घाबरू नको. माझा माणूस आहे तो." मी फुली दाबली, चप्पल घातली आणि दाराशी गेलो. मागे वळून बघितलं.

तीन हजार.

ओट्यावर जाऊन आलो. तीन हजार. फाटकाबाहेर जाऊन, शेजारच्या पाटलांना रामराम घालून आलो. तीन हजार! मेल्यानं माझी गरज ओळखली होती.

"अहो, अकराला पंधरा मिन्टं राह्यलीत आणि तुमी फेऱ्या काय मारताय?"

"बोलावेल तो! काल बोलावलं होतं!"

"कोण बोलावंल?"

मग सगळं सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच ते कालच्याएवढं शहाणपणाचं वाटेना. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याशी मी आयुष्यभर भांडलोय, पण पेरू चिरून चिरून काळवंडलेली तिची बोटं त्या बटणांवर नुसतीच पडून आहेत, हे मला बघवेना. मी स्वतः, स्वतःच्या हातानं, संजूला फोन लावला. यापरता अपमान नाही.

तो पाटापलीकडेच राहतो. फटफटीवर आला, पडदा बघितला आणि डोक्याला हात लावला.

"दाजी, हा कुठनं आणला?"

"आणला नाही. तो आपणहून आला."

"अहो, अँटिव्हायरस आपणहून येत नसतो! भामटा हाय ह्यो! चोर चोर म्हणून ओरडत आत शिरतो आणि मग खंडणी मागतो. तुमच्या फायलींत काय बी न्हाई, नुसतं खोटं सांगतोय. आपल्या अँटिव्हायरसनं अडवला न्हाई व्हय?"

"विचारलं होतं त्यानं," मी म्हणालो.

"मग?"

"मी म्हटलं, येऊ दे."

संजू एकदम दचकून म्हणाला, "कार्डाचा नंबर तर दिला न्हाई ना?"

"नंबर?" मी भडकलो. "मी काय वेडा आहे? पैसे द्यायचेच नव्हते तर नंबर कशाला देतो?"

"वाचलात. चिकटपणानं वाचलात दाजी!" हे वाक्य संजू किस्सा सांगताना गाळतो. मुद्दाम गाळतो.

अकराला पाच मिनिटं उरली. संजू म्हणाला, "तायडे, हे नीट व्हायला दुपार होईल. मॅडमना मोबाईलवर घे." मंगलनं पदर खोचला, मोबाईल उचलला आणि थेट स्वयंपाकघरात गेली. डाळीच्या डब्याला टेकवून तिनं तो उभा केला. मला सांगितलं, "तुमी दारात उभं राहा. आवाज काढायचा न्हाई." मी दारात उभा राहिलो. तोंड मिटून. माझ्या घरात, दुसरा कोणी भाव करत असताना!

फोटो नाहीत, लेबलं नाहीत, काही नाही. मॅडम दिसल्यावर मंगलनं खिडकीतल्या उन्हात बरणी धरली; ती गुलाबी जेली अशी काही उजळली की मलाही माझा डागी पेरू ओळखू येईना. मग चमचा घेऊन तिनं ती पोळीला लावली आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर खाल्ली. मॅडमनी भाव विचारला. मंगलनं सांगितला. ऐकून मीच चरकलो; एवढा चढा भाव मी चांगल्या पेरूलाही सांगितला नसता!

मॅडम म्हणाल्या, "ताई, जरा जास्त होतंय. आणखी कमी करा ना."

"न्हाई परवडत मॅडम," मंगल गोड हसून म्हणाली. "बरंय मग, ठेवते." आणि तिनं फोन कापला!

वर्षभराचा माल! मी हातवारे करायला लागलो. तिनं ओठांवर बोट ठेवलं, स्वयंपाकाच्या ओट्यावरची पोळी उचलली आणि शांतपणे उरलेली जेली लावून खात बसली.

फोन वाजला.

"व्हय मॅडम," मंगल म्हणाली. "बोला."

दुपारी संजूनं त्या भामट्याला उपटून काढलं. मंगलचे फोटो सगळे जिथल्या तिथे निघाले. जाताना संजू म्हणाला, "दाजी, तीन हजाराचं फुकट कधी होत असतं का? आधी चढवून सांगायचं, माणूस निघाला की हाक मारायची, उतरवायचं. गिऱ्हाइकाला वाटतं आपणच जिंकलो. तुम्हाला एवढं कसं कळलं न्हाई?"

काय सांगू त्याला? भाद्रपदातला पाणचट माल मी लोकांना असाच विकतो. पाटीत वरचा थर मोठ्या पेरूंचा, चढा भाव, गिऱ्हाईक निघालं की हाक. त्या पडद्याच्या मागे कोण बसला होता मला माहीत नाही, पण धंदा तो माझ्याच शाळेत शिकला असणार.

आता कोपऱ्यातली ती हिरवी टिकली गप्प असते, आणि ती गप्प आहे म्हणून मला बरं वाटतं. मंगलचा धंदा वाढला. तिला आता डागी पेरू पुरत नाही. चांगला लागतो, आणि तो ती माझ्याकडूनच घेते. भाव मीच सांगतो. तो ऐकून ती चप्पल घालते. काय करणार, मी हाक मारतो.

माझं मात्र उलटं झालंय. परवा जेवताना भाजीवरून वाद झाला. मी ताटावरून उठलो, चप्पल घातली, दारापर्यंत गेलो. ओट्यावर गेलो. फाटकाबाहेर जाऊन पाटलांना रामराम घालून आलो. मागून हाक म्हणून नाही! परत येऊन बघतो, तर मंगलनं माझं ताट झाकून ठेवलं होतं आणि ती लेबलं छापत बसली होती.

त्या भामट्याला काही म्हणा, पण मी उठलो की तो निदान 'थांबा! जाऊ नका!' एवढं तरी म्हणायचा.